शाळेच्या अंगणात लेंगी

डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि जवळच्या महाविद्यालयाला निरोप येतो, तुमच्या मुलामुलींचा एक नाच आमच्याकडे ठेवा. नाच बहुधा तयारच असतो, कारण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी तो बसवलेला असतो. मात्र तो जसाच्या तसा शाळेत नेला, की अडचणी येतात. तिथली जागा, आवाज आणि प्रेक्षक, तिन्ही वेगळे. त्याची तयारी कशी करायची ते क्रमाने पाहू. उदाहरणाला लेंगी घेऊ. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या बंजारा तांड्यांवर होळीला डफाच्या तालावर फेर धरून म्हणतात, नाचतात ती लेंगी.

निमंत्रण लेखी घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र प्राचार्यांच्या नावाने यावं आणि त्यात तारीख, वेळ, ठिकाण स्पष्ट असावं. सोबत एक शिक्षक आणि मुली असतील तर एक शिक्षिका हवीच. परतीचा विचार याच वेळी करा. कार्यक्रम संपेपर्यंत गावाहून शेवटची एसटी निघून गेलेली असते. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे एका फेरीपुरती भाड्याने मिळते. तिच्यासाठी आगारात आधी अर्ज करावा लागतो.

मग गाणं निवडा. लेंगीत थट्टामस्करीच्या ओळी असतात. होळीच्या रात्री तांड्यात त्या शोभतात, पण समोर पाचवी-सहावीची मुलं बसलेली असताना कोणती कडवी घ्यायची, हे तांड्यातल्या जाणत्या बायांना विचारून ठरवा. गाणं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत असतं, त्यामुळे उच्चार आणि अर्थही त्यांच्याकडूनच शिका. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून बसवलेली लेंगी बंजारा मुलांच्या लगेच लक्षात येते, आणि या भागातल्या शाळांत ती मुलं समोरच बसलेली असतात. कोलाम पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, ढेमसा किंवा गोंडांची दंडार घेणार असाल, तरी हेच लागू आहे.

आता जागा. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून आठ दिवस आधी टेप घेऊन शाळेत जाच. आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या नियमांत लोकनृत्याला १० नर्तक आणि १० मिनिटं मिळतात, म्हणून संघही दहाचा असतो. घेरदार फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, नेसलेल्या प्रत्येकीला फेरात साधारण ४ फूट लागतात. दहा जणींच्या फेराचा घेर ४० फूट झाला, म्हणजे आरपार जवळजवळ १३ फूट. बाजूंना दोन-दोन फूट मोकळे धरले तर १७ फूट खोली हवी. शाळेचा ओटा १५ फूट खोल असेल तर मागची मुलगी पडद्याला घासते आणि पुढची कडेवर येते. आठ जणींचा फेर मात्र सव्वाचौदा फुटांत बसतो.

दुसरा प्रश्न पाठीचा. तांड्यात माणसं चहूबाजूंनी उभी असतात, त्यामुळे फेरात कोणाची पाठ कोणाकडे आहे याने बिघडत नाही. ओट्यावर प्रेक्षक एकाच बाजूला, म्हणून अर्धा वेळ निम्म्या मुलींची पाठच दिसते. काही संघ फेर मोडून सरळ रांगा करतात. मला ते पटत नाही, कारण फेर गेला की लेंगीचा जीवच गेला. त्यापेक्षा पुढून उघडा अर्धगोल करा. सगळ्यात उत्तम म्हणजे ओटा सोडून मैदानात उतरा आणि मुलांना तीन बाजूंनी बसवा. मैदानावर आधी खडे वेचून घ्या, पाय अनवाणी असतात.

सरावासाठी महाविद्यालयाच्या सभागृहात तेवढ्याच मापाची चौकट चुन्याने किंवा दोरीने आखा. पूर्ण पोशाखात निदान दोनदा सराव करा. आरसे-कवड्या लावलेली कांचळी, म्हणजे चोळी, आणि अंगावरचे दागिने जड असतात. साध्या ड्रेसमध्ये जमणारी गिरकी त्यांच्यासह जमेलच असं नाही.

आवाजाचं पुढे. शक्य असेल तर डफ आणि गायन प्रत्यक्षच ठेवा. वीज गेली तरी नाच थांबत नाही. रेकॉर्डिंग वापरणार असाल, तर गाणं पेन ड्राइव्हवर आणि दोन फोनांमध्ये ठेवा, फोन विमान मोडवर टाका. ऐन नाचात कॉल आला की गाणं बंद पडतं. डेकोरेशनवाल्याला एक स्पीकर नर्तकांकडे वळवायला सांगा. याला मॉनिटर म्हणतात. तो नसला की समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज कानावर उशिरा येतो आणि मागच्या मुली तालाच्या मागे पडतात.

कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी पोहोचा. सत्कार आणि भाषणं लांबतात, म्हणून क्रम आधी विचारा आणि आपल्या आधीचं एक सादरीकरण सुरू झाल्यावरच दागिने चढवा. थंडीत बसून अंग आखडतं. मंचावर जाण्यापूर्वी पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाकून घ्या. ओट्यावर सतरंजी असेल तर ती ताणून चारी कडांना बांधली आहे का, वायरी पायाखाली येत नाहीत ना, हे स्वतः पाहा.

आठ मिनिटं पुरेशी आहेत. गॅदरिंग शाळेतल्या मुलांचं आहे, त्यांचे नाच आपल्यामुळे रात्री उशिरापर्यंत खोळंबू नयेत. निवेदकाला दोन वाक्यं लिहून द्या: नाच कोणत्या समाजाचा, कधी करतात आणि संघाला कोणी शिकवला. शिकवणाऱ्या बायांना विचारून त्यांची नावं घ्या, आणि त्या आल्या असतील तर पुढच्या रांगेत बसवा. वेळ उरला तर शेवटचा फेर मुलांसाठी उघडा. साधं पाऊल ती दोन फेऱ्यांत उचलतात.

पोशाख तांड्यातून मागून आणले असतील, तर गाडीत बसण्यापूर्वी यादीप्रमाणे दागिने मोजा. कांचळी पाण्यात बुडवून धुऊ नका, टाके सैल होऊन आरसे निसटतात. ओलसर कापडाने पुसा, सावलीत वाळवा, सुटलेली कवडी शिवून घ्या आणि त्याच आठवड्यात ज्यांचं त्यांना पोहोचवा.