मुदतीच्या तापाचा निवडक वाण

मुदतीच्या तापाचे एकवीस दिवस ज्या घराने मोजले आहेत, त्या घरास या रोगाची निराळी ओळख करून द्यावयास नको. परंतु हाच ताप धडधाकट माणसांस मुद्दाम आणवितात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही दचकलो. पुढे त्यामागील विचार उमगला. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विषमज्वराचा जंतू निसर्गतः केवळ माणसासच ग्रासतो. उंदरांवर त्याची खरी परीक्षा होत नाही. म्हणून स्वेच्छेने पुढे आलेल्या प्रौढांना नवी लस टोचून मग जंतू मोजून पाजतात. पण कोणते जंतू? एकाच जंतूचे अनेक वाण असतात. निवडलेला वाण रोग उत्पन्न करण्याइतका जहाल हवा, तरी औषधाला हटकून नमणारा हवा. शिवाय लस ज्यावर मारा करते, ते ‘व्हीआय’ नावाचे आवरण त्याच्या अंगावर हवे.

या कसोटीस उतरला तो ‘क्वेल्स’ वाण. १९५८ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील एका रोगवाहकाच्या पित्ताशयातून तो मिळाला. त्याची मात्रा ठरली मात्र मेरिलँडच्या तुरुंगातील कैद्यांवर. बंदिवानाच्या होकारास संमती म्हणावे काय? हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९७० नंतरच्या दशकात ते प्रयोग थांबले. २०११ च्या सुमारास ऑक्सफर्डने तोच वाण पुन्हा हाती घेतला, तो स्वतंत्र नागरिकांच्या लेखी संमतीने. सोड्याच्या पाण्यातून दहा ते पन्नास हजार जंतू पाजावयाचे, प्रकृतीवर रोज लक्ष ठेवावयाचे आणि रोग ठरताच औषध सुरू करावयाचे, अशी तेथील रीत.

हैदराबादच्या ‘भारत बायोटेक’ची ‘टायपबार टीसीव्ही’ ही लस याच परीक्षेस बसली आणि तिचा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभरावर स्वयंसेवकांच्या या प्रयोगात, मुख्य निकष धरता, तिने सुमारे ५५ टक्के संरक्षण दिले. त्याच वर्षाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली.

तरीही शंका उरते. औषधास नमणारा जुना अमेरिकी वाण आमच्याकडील औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची साक्ष कशी देणार? याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, वस्त्यांत मिळाले. नेपाळ, मलावी आणि बांगलादेश येथील मुलांत लसीने सुमारे ८० टक्के संरक्षण दिले. वाण निराळे असले तरी आवरण तेच होते.

निवडलेला वाण वाट दाखवितो. खरी पारख वस्तीतच होते. आपल्या मुलास ही लस टोचताना त्या स्वयंसेवकांचे, आणि ज्यांना ‘नाही’ म्हणण्याची पुरती मोकळीक नव्हती त्या कैद्यांचेही, ऋण स्मरावे. आणि हो, लस घेतली तरी पिण्याचे पाणी उकळावयास विसरू नये.