पिन, बुश आणि ग्रीसचे चार पंप

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार श्रीगोंदा तालुक्यालाच काय, भीमेपलीकडच्या दौंडलाही ठाऊक आहे. बैल घेणारा आधी त्याचे दात बघतो, दोनदाती की जुळलेला ते ठरवतो, मग चार पावलं चालवून सांधे पारखतो. तोच माणूस जुना जेसीबी घ्यायला जातो तेव्हा रंग बघतो, टायर बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि सौदा पक्का करतो. मशीनचे सांधे बघायचे राहूनच जातात.

(जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी 1945 साली इंग्लंडमध्ये ती सुरू केली, त्यांच्या नावाची ही आद्याक्षरं. आपल्याकडे मात्र माती उकरणारं प्रत्येक पिवळं यंत्र जेसीबीच.)

बूम जिथे मशीनला जोडला जातो, पुढे बकेट जिथे वळते, त्या प्रत्येक सांध्यात एक जाड पोलादी पिन असते आणि तिच्याभोवती घट्ट बसवलेली नळी, म्हणजे बुश. बैलगाडीच्या तुंब्यात आसाभोवती लोखंडी नळी असते, तसंच हे. बुशचं काम एकच, स्वतः झिजायचं आणि महागडा बूम वाचवायचा. पिन आणि बुश यांच्यामध्ये ग्रीसचा थर हवा. तो संपला की मुरूम आणि वाळूचे कण आत शिरतात आणि कानशीसारखं काम करतात. गोल भोक हळूहळू लांबट होतं. बूमच्या मुळाशी एखाद्या मिलिमीटरचा खेळ आला, तर बकेटच्या दातापर्यंत तो कितीतरी मोठा होऊन पोचतो. मग ऑपरेटर कितीही हुशार असो, पाइपलाइनचा चर सरळ येत नाही.

तपासणं सोपं आहे. बकेट जमिनीला टेकवायची, लिव्हर अगदी हलका वर-खाली करायचा आणि दुसऱ्या माणसाने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून सांध्याकडे बघायचं. बूम हलण्याआधी पिन ‘टक्’ करून जागेवर सरकताना दिसली, तर बुश गेला. याच वेळी बदलला तर काम थोडक्यात होतं. ‘हंगाम संपू दे’ म्हणत रेटलं, तर बुश त्याच्या घरात फिरू लागतो आणि बूमचं भोकच लांबट होतं. मग वेल्डिंगने ते भरून, लाईन बोरिंगचं मशीन लावून पुन्हा गोल करावं लागतं. ग्रीसचा खर्च शेकड्यांत असतो. हे काम त्याच्या कित्येक पटींत जातं, शिवाय मशीन उभं राहतं आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

जुना बुश काढायची मेस्त्री लोकांची एक युक्ती मला फार आवडते. बुशच्या आतल्या बाजूने वेल्डिंगची एक-दोन सरळ रेघ ओढायची आणि थंड होऊ द्यायचं. वेल्डिंग गार होताना आक्रसतं, सोबत बुशलाही आत ओढतं आणि एरवी घणाला दाद न देणारा बुश सैल होतो. नवीन बसवताना हेच उलट. बुश रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा. 60 मिलिमीटरचा पोलादी बुश 38 अंशांवरून उणे 18 अंशांवर नेला, तर व्यासात साधारण 0.04 मिलिमीटर कमी होतो. एवढ्यानेही तो सरळ बसायला मदत होते. बुशवरचं ग्रीसचं भोक निप्पलच्या भोकासमोर आलं पाहिजे, नाहीतर चार काय, चाळीस पंप मारले तरी ग्रीस आत जाणार नाही.

घाई केली तर खरी किंमत पैशात मोजता येत नाही. पिन घालताना दोन्ही भोकं समोरासमोर आली का, हे बोट घालून बघायची सवय अनेकांना असते. बूम केसभर खाली सरकला तरी बोट जागेवर तुटतं. ते काम सळईने किंवा पहारीच्या टोकाने करायचं. कडक पोलादी पिनेवर थेट घण मारला तर तिची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मध्ये पितळी तुकडा धरावा, चष्मा लावावा.

गेली काही वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. उसाचा हंगाम उलगत आलेला, शेततळी आणि सपाटीकरणाची कामं जोरात, म्हणजे मशीनवाल्यांची सगळ्यात घाईची वेळ. गॅरेज लाईनमध्ये रोजा धरणारे बरेच. पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोट नाही आणि समोर वेल्डिंगची धग. म्हणून तापाचं काम सकाळी लवकर किंवा रात्री तरावीहच्या नमाजनंतर घेणं शहाणपणाचं. दिवस मावळायच्या वेळी, इफ्तारला दहा मिनिटं असताना ‘एवढी पिन ठोकून द्या भाऊ’ म्हणणारा गिऱ्हाईक मेस्त्रीच्या बोटाशी खेळत असतो. त्याला मी तरी गरजू म्हणणार नाही.

याच महिन्यात अनेकजण जकातीचा हिशेब करतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरलेल्या मर्यादेवरच्या मालमत्तेचा चाळिसावा हिस्सा गरिबांना द्यायचा. त्यात बुशची गंमत आहे. मशीनमध्ये बसलेला बुश हे कमाईचं हत्यार, त्यावर सहसा जकात नाही. तोच बुश दुकानाच्या फळीवर विकायला ठेवला, तर तो व्यापारी माल आणि त्यावर जकात आहे. मशीनने कमावलेली शिल्लक हिशेबात येते. आणि मेस्त्रीची थकलेली मजुरी? ती दान नव्हेच, ते देणं आहे. जकात काढायच्या आधी चुकवायचं.

नवीन बुश बसल्यावर दोन्ही कडांनी ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा एकदा. पुढे मशीनच्या पुस्तकात दिलेल्या तासांनुसार, आणि ओल्या वाळूत किंवा धुळीत काम असेल तर रोज. मशीन दुरुस्तीला न्यायचं तर शुक्रवारची दुपार टाळा, मेस्त्री जुम्याच्या नमाजला गेलेले असतील. शनिवारी काष्टीत बाजाराची गर्दी असते. रविवार बरा.