सीपॅप यंत्राचे पहिले दिवस आणि आपले कर्तव्य

निद्रा हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक होय, हे आपण सर्वजण जाणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थौल्य आणि निद्रा या दोन्ही विषयांचा विचार एकत्र आला आहे, हेही वाचकांस स्मरत असेल. आज या दोहोंच्या संधीवर उभा असलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात वारंवार दिसतो. रात्री तो मोठ्याने घोरतो, मध्येच त्याचा श्वास थांबतो, दचकून जाग येते आणि दिवसा तो बसल्या जागी पेंगतो. निद्रापरीक्षणात स्लीप ॲप्नियाचे निदान होऊन त्यास सीपॅप यंत्र दिले जाते. परंतु आठ-दहा रात्रींतच यंत्र कपाटात जाते आणि रुग्ण आपल्याकडे किंवा औषधी दुकानात येऊन विचारतो, ‘यंत्राऐवजी एखादे औषध नाही का?’ या प्रश्नाचे उत्तर आपण कसे द्यावे, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

यंत्राचे कार्य

निद्रेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला की तो एक अवरोध मानतात. पूर्ण व अंशतः अवरोध मिळून तासाला ५ ते १४ असल्यास व्याधी सौम्य, १५ ते २९ असल्यास मध्यम आणि ३० किंवा अधिक असल्यास तीव्र समजला जातो. सिडनी येथील कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या व्याधीवर सीपॅपचा उपाय प्रथम प्रसिद्ध केला. यंत्र खोलीतील हवा गाळून, सामान्यतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने मुखवट्यावाटे आत सोडते. हा दाब श्वासमार्गास आतून आधार देऊन तो उघडा ठेवतो. हे प्राणवायूचे यंत्र नव्हे. तसेच ते व्याधी समूळ नष्टही करीत नाही. चष्मा लावला असेपर्यंतच दिसावे, तसा याचा गुण यंत्र लावले असेपर्यंतच मिळतो. ही गोष्ट रुग्णास प्रथमच स्पष्ट सांगावी.

प्रारंभीच्या तक्रारी व उपाय

पहिल्या दिवसांतील बहुतेक तक्रारी यंत्राच्या जुळणीशी संबंधित असतात.

१) मुखवट्याने जीव घुसमटणे : दिवसा जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना मुखवटा थोडा वेळ लावून सवय करावी. प्रथम नुसता मुखवटा, नंतर यंत्र सुरू करून, असा क्रम ठेवावा. आरंभी कमी दाब देऊन तो हळूहळू वाढविण्याची ‘रॅम्प’ ही सोय बहुतेक यंत्रांत असते.

२) तोंड व घसा कोरडा पडणे : झोपेत तोंड उघडे राहत असल्यास हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा यांविषयी तज्ज्ञांस विचारावे. यंत्राच्या आर्द्रतापात्रात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. त्यात निलगिरीचे तेल, कापूर वा कोणताही अर्क कदापि घालू नये.

३) नाक चोंदणे : झोपण्यापूर्वी उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे उपयुक्त ठरते.

४) पोट फुगणे : हवा गिळली गेल्याने आध्मान होते. केवळ पाचक चूर्ण देऊन थांबू नये; दाब तपासून घेण्यास सांगावे.

५) चेहऱ्यावर वळ उठणे, हवा गळणे : पट्टे फार आवळल्याने वळ उठतात आणि गळतीही थांबत नाही. मुखवट्याचे माप बदलावे. दाढी-मिशांमुळेही हवा गळते.

मुखवट्याची उशी रोज सौम्य साबणाने धुवावी. वीज गेल्यास यंत्र बंद पडते. मुखवट्यास हवा बाहेर जाण्याची छिद्रे असली तरी अशा वेळी तो काढून ठेवावा. वारंवार वीज जाणाऱ्या गावी इन्व्हर्टरची सोय करून घेण्यास सुचवावे.

औषधयोजनेतील सावधगिरी

झोप लागत नाही म्हणून सर्पगंधायुक्त गोळ्या मागणारे ग्राहक दुकानदारांस परिचित आहेत. सर्पगंधेतील रेसर्पिनमुळे नाक चोंदते, हे ज्ञात आहे. म्हणजे मुखवटा लावणे अधिकच कठीण. शिवाय शामक द्रव्यांनी व मद्याने घशाचे स्नायू अधिक शिथिल होण्याचा धोका असतो. म्हणून असे औषध परस्पर देऊ नये.

प्रतिमर्श नस्य आपण नित्य सांगतो. परंतु मुखवटा लावण्याच्या लगेच आधी नाकात स्नेह सोडू नये. तैलाचे थेंब फुप्फुसात गेल्यास तेथे दाह होऊ शकतो. नस्य सकाळी करावे. चेहऱ्यास तेल असल्यास मुखवटा घसरतो व त्याची सिलिकॉनची उशीही खराब होते.

मग आपले कार्य काय? स्थौल्य हेच तर अनेकांच्या व्याधीचे प्रमुख कारण! आहारनियमन, व्यायाम, मद्यत्याग, कुशीवर झोपण्याची सवय हे आपल्या अधिकारातील उपाय निष्ठेने योजावेत. मात्र वजन उतरले तरी पुन्हा निद्रापरीक्षण होईपर्यंत यंत्र सोडू देऊ नये. दुपारी झोपल्यासही यंत्र लावावे.

रुग्ण वाहनचालक असेल तर हा विषय त्याच्या एकट्याचा राहत नाही. पेंग येत असताना त्याने चाक हाती घेतले, तर गाडीतील व रस्त्यावरील सर्वांचेच प्राण धोक्यात येतात. अशा रुग्णास पेंग पूर्ण थांबेपर्यंत वाहन चालवू नये, असे निक्षून सांगावे.

यंत्राऐवजी औषध मागणाऱ्यास ‘देतो’ म्हणणे सोपे असते व त्यात विक्रीही होते. परंतु ‘यंत्र चालू ठेवा, त्रास काय होतो ते सांगा, आपण तो दूर करू’ हे उत्तरच रुग्णाच्या हिताचे आहे. पहिले काही आठवडे त्याला धीर देऊन यंत्रावर टिकविणे, हीसुद्धा चिकित्साच होय, असे आमचे वैद्यबंधू-भगिनींस व औषधी विक्रेत्यांस आग्रहाचे सांगणे आहे.