ख्रिस्ताचे ‘ज्येष्ठत्व’ : कलस्सैकरांस पत्र आणि क्रिस्तपुराण

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार मराठी अभ्यासात बहुधा भाषेच्या अंगाने होतो. एका इंग्रज जेझुइटाने मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या, ही घटना कौतुकाची आहेच. तथापि, या पुराणातील ख्रिस्तमहिम्यामागे एक प्राचीन वाद उभा आहे. तो समजल्याशिवाय ओवी, पुराण आणि वैकुंठ ही स्टीफन्सने स्वीकारलेली सामग्री केवळ अलंकरण वाटण्याचा संभव आहे.

या वादाचे एक आरंभीचे रूप नव्या करारातील ‘कलस्सैकरांस पत्र’ यात आढळते. कलस्सै हे आशिया मायनरमधील, आजच्या तुर्कस्तानातील, लूकस नदीच्या खोऱ्यातले नगर. पत्र पौलाच्या नावे असून ते त्याचे स्वतःचे की त्याच्या शिष्यपरंपरेतील, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ते पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, असे सामान्यतः मानले जाते. ज्या मताचे खंडन येथे केले आहे, त्याचे स्वतंत्र लेखन उपलब्ध नाही. पत्रातील उल्लेखांवरून इतकेच दिसते की, खाण्यापिण्याचे निर्बंध, अमावास्या व शब्बाथ यांचे पालन, देवदूतांची उपासना आणि जगाची मूलतत्त्वे यांना त्या मतात महत्त्वाचे स्थान होते. त्याने ख्रिस्त नाकारलेला नव्हता. फक्त तो पुरेसा मानलेला नव्हता. पत्रकाराचा आक्षेप नेमका या अपुरेपणाच्या कल्पनेवर आहे.

या आक्षेपाची रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सिंहासने, अधिपत्ये, सत्ता ही अदृश्य शक्तींची उतरंड पत्रकार खोटी ठरवीत नाही. ती ख्रिस्ताच्या ठायी निर्माण झाली, असे सांगून तो तिला त्याच्या अधीन करतो. ‘प्लेरोमा’, म्हणजे पूर्णता, हा शब्दही असाच. ती पूर्णता अनेक मध्यस्थांत विभागलेली नसून ख्रिस्ताच्या ठायी सदेह वसते, असे प्रतिपादन आहे. प्रतिपक्षाच्याच परिभाषेत श्रेष्ठत्व सांगणे, ही या पत्राची युक्ती होय.

पण उसना घेतलेला शब्द पूर्णपणे आज्ञाधारक होत नाही. दुसऱ्या शतकातील व्हॅलेंटिनसच्या ज्ञानवादी पंथात ‘प्लेरोमा’ ही दिव्य तत्त्वांच्या मालिकेची संज्ञा झाली, आणि इ.स. १८०च्या सुमारास इरेनियसला पाखंडखंडनाचा पाच भागांचा ग्रंथ लिहावा लागला. ‘सर्व सृष्टीचा प्रथमजन्मा’ (प्रोतोतोकोस) या पदावर चौथ्या शतकात पुन्हा वाद झाला. प्रथमजन्मा म्हणजे निर्मितांपैकी पहिला, असा अर्थ एरियसच्या पक्षाला अनुकूल होता. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेने जन्म आणि निर्मिती यांत भेद करून तो नाकारला.

प्रचलित मराठी अनुवादात या ठिकाणी ‘ज्येष्ठ’ हा शब्द आहे. पाणिनीने ‘प्रशस्य’ आणि ‘वृद्ध’ या दोहोंच्या जागी ‘ज्य’ हा आदेश सांगितला आहे (५.३.६१-६२). त्यामुळे ‘ज्येष्ठ’ शब्दात वयाचा आणि योग्यतेचा असे दोन्ही अर्थ मूळचेच आहेत. मूळ ग्रीक पदातील द्व्यर्थ याहून समर्पकपणे मराठीत येणे कठीण. परंतु अनुवादातील ‘सर्व उत्पत्तीत’ ही सप्तमी मात्र पेच कायम ठेवते. ‘भावांत ज्येष्ठ’ म्हटले की ज्येष्ठही भावांपैकीच एक ठरतो! निकेयाचा वाद असा मराठी विभक्तीत येऊन बसला आहे.

स्टीफन्ससमोरचा प्रश्न याच जातीचा होता. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत मुद्रित झालेल्या या पुराणात ख्रिस्ताच्या स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. पवित्र आत्मा, बाप्तिस्मा, चर्च यांसाठी मात्र पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे शब्द ठेवले आहेत. म्हणजे कोणता शब्द घ्यावा आणि कोणता टाळावा, याची निवड येथे जाणीवपूर्वक झालेली दिसते. वैकुंठ शब्द घेतल्याने श्रोत्यांच्या मनातील परमधामाची ओढ ख्रिस्ताकडे वळते. पण त्या शब्दाबरोबर विष्णूचे स्मरणही येतेच. ‘प्लेरोमा’ची जी गत झाली, तिचा धोका येथेही होता.

येथवर साम्य आहे. भेद आहे तो सत्तेचा. कलस्सैकरांस लिहिणारा स्वतःला बंदिवान म्हणवितो. रोमन सत्तेने क्रुसावर मारलेल्या माणसाला तो विजययात्रा काढणाऱ्या सेनापतीच्या रूपात दाखवितो. तेथे श्रेष्ठत्वाचे विधान हे दुर्बळांचे विधान आहे. सासष्टीत मात्र १५४३ पासून पोर्तुगीज अंमल होता, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते आणि १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. क्रिस्तपुराणाच्या आरंभीच्या संवादात नवदीक्षित ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, की पहिली पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात मागणी आहे आणि तक्रारही आहे. स्टीफन्सने ती लपविली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

म्हणून क्रिस्तपुराणातील ख्रिस्तमहिमा वाचताना दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवणे इष्ट ठरते. त्याची प्रतिपादनपद्धती पहिल्या शतकाइतकी जुनी आहे. पण कलस्सै येथे प्रतिपक्षाला उत्तर देण्यास कोणी अडविलेले नव्हते, आणि सासष्टीत त्याचे ग्रंथच काढून घेतले गेले होते. तेच विधान, तीच रीत, पण अर्थ तोच राहत नाही. ओवीच्या माधुर्यावर थांबणाऱ्या वाचनाला हा भेद दिसणार नाही. आणि केवळ सत्तेचा इतिहास पाहणाऱ्याला त्या ब्राह्मणाची नव्या पुराणाची मागणी किती खरी होती, हे कळणार नाही.