चौकट बसण्याआधी

वीटकाम छातीपर्यंत आलं होतं आणि न्हाणीच्या दारासाठी अडीच फुटांची जागा सोडलेली होती. हिंजवडीच्या जुन्या गावठाणात, आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींकडे पाठ करून, एका कुटुंबाच्या दोन खोल्या उभ्या राहत होत्या. मोजमाप घ्यायला आलेली स्वयंसेविका स्वतः व्हीलचेअरवर होती. टेपचं एक टोक तिने मिस्त्रींकडे दिलं आणि मोठ्याने हिशेब केला. चौकट दोन्हीकडून दोन-दोन इंच खाणार, उघडलेल्या दाराची फळी आणखी इंचभर. उरतात पंचवीस इंच. "माझी खुर्ची सव्वीस इंची आहे, मिस्त्री."

"ताई, न्हाणीला आम्ही सगळीकडं अडीचच ठेवतो."

"म्हणून तर सगळीकडं मी बाहेरच थांबते."

केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाराची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर हवी. त्यासाठी बांधकामातली जागा तीन फूट पाच इंच लागते, म्हणजे अकरा इंच जास्त. मिस्त्रींनी थापीच्या दांड्याने वरचा थर ठोकून पाहिला. माल अजून ओला होता, विटा अख्ख्या निघाल्या. गिलावा झाल्यावर, फरशी आणि ग्रॅनाइट बसल्यावर हेच काम करायचं तर छिन्नी-हातोडा, धूळ, नवी चौकट आणि नवी फरशी. घर स्वस्तात सोयीचं होतं ते या काही दिवसांतच. अपंग माणसाला मात्र बहुतेक वेळा किल्लीच्या समारंभाला बोलावतात, पुष्पगुच्छासाठी. त्याला बोलवायला हवं ते पायाची आखणी होते तेव्हा.

हे घर ज्याच्यासाठी, तो घरातला थोरला मुलगा. सेंट्रिंगचं काम करायचा. परांचीवरून पडला, मणक्याला मार लागला आणि पाय गेले. त्या दिवशी तो पडवीत खुर्चीवर बसून लिंटेलसाठी सळईच्या रिंगा वाकवत होता. मांडीवर जाड गोणपाट घेतलेलं होतं, कारण कमरेखाली टोचलेलं कळत नाही आणि न कळलेली जखम चिघळत जाते. हात मात्र पूर्वीचेच, सराईत. बिगाऱ्याने बांधलेली एक रिंग त्याने परत पाठवली, हूक नीट वळला नव्हता म्हणून.

न्हाणीत खुर्ची पूर्ण फिरायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं लागतं. नकाशात संडास आणि न्हाणी वेगळे होते, दोन्ही चिंचोळे. ताईंनी मधली भिंत काढायला सांगितली तेव्हा घरच्यांना वाटलं, खर्च वाढला. उलट एक भिंत, एक चौकट आणि एक दार वाचलं. सोय म्हणजे वरचा खर्च ही समजूत इतकी घट्ट बसली आहे, की असा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागतो. दार बाहेर उघडणारं ठरलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

उताराचं गणित अवघड गेलं. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोतं दीड फुटाचं, म्हणजे उतार अठरा फूट, आणि अंगण तेवढं नव्हतंच. जोतं कमी करावं तर पावसाळ्यात हिंजवडीत पाणी कुठवर येतं ते गावकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. शेवटी उतार भिंतीला धरून नेला आणि मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून वळवला. पायात कॅलिपर घालणारे एक काका पाणसळ घेऊन त्या टप्प्याची पातळी बघत होते. सोबत आलेला अंध तरुण भिंतीवरून तळवा फिरवत गेला आणि बोळात उघडणाऱ्या खिडकीपाशी थांबला. पांढरी काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीवरची झडप सांगत नाही. तिथे सरकती खिडकी घ्यायचं ठरलं.

ज्याचं घर त्याने राबायचं, ही रीत इथून फार लांबची नाही. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ पाटण गावात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने शंभर घरं बांधली, तेव्हा अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ८२ व्या वर्षी तिथे कामाला आले होते आणि ज्यांना घरं मिळणार होती ती कुटुंबंही सोबत राबत होती. पण माझ्या मनात खरं ठाण मांडून आहे ते आनंदवन. बाबा आमटे सहा कुष्ठरुग्णांना घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर गेले. तिथल्या विहिरी, झोपड्या आणि पुढे पक्की घरं त्याच लोकांनी उभी केली. गावाच्या मुलांसाठी १९६० च्या दशकात महाविद्यालयही बांधलं. नंतर बाबांचे पुत्र डॉ. विकास आमटे यांच्या काळात लोखंड-लाकूड टाळून विटांच्या कमानी छपरांची स्वस्त घरं तिथे झाली. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला चटका, काप, ओल्या चुन्याची आग कळत नाही. अशा हातांनी बांधायचं म्हणजे प्रत्येक वीट डोळ्यांनी सांभाळत ठेवायची. एवढं झालेलं असताना 'यांना कसं जमेल' हा प्रश्न आजही साइटवर ऐकू येतो, याचा मला राग येतो.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी घरकुल योजनांत अपंगांसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते घर हाती आलं आणि न्हाणीचं दार अडीच फुटांचंच निघालं, तर ते आरक्षण उंबऱ्यापर्यंतच पोचलं.

हिंजवडीच्या या घरात ओट्यावरून बरीच वादावादी झाली. आई उभ्याने स्वयंपाक करतात, त्यांना तेहतीस इंच हवा. मुलाला तीस, खाली कपाट नको, गुडघे आत जायला हवेत. आई म्हणाल्या, "तुला कशाला ओटा, मी आहे ना." तो म्हणाला, "चहा तरी माझा मी करीन." मग सगळा ओटाच तीसवर आणायचं ठरलं. गॅस आणि सिंक एकाच पातळीत राहिले, की गरम पातेलं उचलावं लागत नाही, सरकवता येतं. सिंक उथळ घ्यायचं आणि त्याचा पाइप मागच्या भिंतीला लावायचा, म्हणजे गुडघ्यांना भाजणार नाही.