ठोकलेली चालेल, भिजलेली नको

जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू नाहीतर ऑडी घ्यायला निघालेला माणूस पहिलं काय विचारतो? ‘ठोकलेली नाही ना?’ विक्रेताही तयारच असतो. ‘साहेब, एक डेंट दाखवा आणि गाडी फुकट घेऊन जा.’ मला हा प्रश्न कायम दुय्यम वाटत आला आहे. पत्रा चेपतो, सरळ होतो, नाहीतर बदलतो. मूळ सांगाडा वाकलेला नसेल आणि एअरबॅग उघडलेल्या नसतील, तर भाव पाडून ठोकलेली गाडी घ्यायला माझी ना नाही. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: ही गाडी कधी पाण्यात उभी होती का? त्याचं खरं उत्तर विक्रेत्याकडून मिळत नाही, ते गाडीकडूनच काढून घ्यावं लागतं. शनिवार-रविवारी मित्रांच्या, मित्रांच्या मेहुण्यांच्या, एकदा तर मित्राच्या घरमालकाच्या होऊ घातलेल्या गाड्या बघायला जाण्याचा माझा उद्योग त्यातूनच वाढला. घरच्यांचं याबद्दलचं मत छापण्यासारखं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. 1994 साली मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली, पुढच्याच वर्षी पिंपरीच्या टेल्कोच्या आवारातून तिची ई-क्लास बाहेर पडू लागली. 2007 मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईत आणि ऑडीने तेव्हाच्या औरंगाबादेत जुळणी सुरू केली. गाड्या इथे बनू लागल्या तशा काही वर्षांनी त्या जुन्या बाजारातही आल्या. साठ लाखांची गाडी सात-आठ वर्षांनी पंधरा-वीस लाखांत मिळते, म्हणजे नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात. फक्त एक लक्षात ठेवायचं, किंमत पंधरा लाखांची झाली तरी सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच लागतात.

आता पाण्याकडे वळू. साध्या जुन्या मारुतीत गुडघाभर पाणी शिरलं तर गालिचे उन्हात टाकायचे, सीट धुवायच्या, तेलं बदलायची, की बऱ्याचदा काम भागायचं. आलिशान गाडीचं तसं नाही, कारण तिचा मेंदू पायाशी असतो. इंजिनाजवळची जागा अपुरी आणि गरम, म्हणून वायरींचे जाड जुडगे गालिचाखालून जातात आणि कंट्रोल मोड्यूल सीटखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात बसवलेले असतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी डिकीत असते, मर्सिडीजच्या 164 पिढीतल्या एमएल आणि जीएलमध्ये ती पुढच्या प्रवासी सीटखाली. 2000 नंतरच्या दशकातल्या अनेक जर्मन गाड्यांत ऑडिओ, नेव्हिगेशन आणि फोनचे डबे प्रकाशतंतूच्या एकाच वर्तुळात गुंफलेले आहेत. त्यातला एक डबा भिजून मेला, की अख्खं वर्तुळ मुकं होतं. डिकीतला ॲम्प्लिफायर भिजलेला असतो आणि मालक मात्र डॅशबोर्डमधला स्क्रीन बदलत बसतो.

पाणी शिरायला पूरच यावा लागतो असंही नाही. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं-फुलं कुजून त्या तुंबतात आणि पाणी छताच्या अस्तराआडून निमूटपणे डिकीत किंवा पायाशी उतरतं. बकुळीखाली गाडी लावणाऱ्या रसिक मालकाची गाडी मी दुप्पट वेळ तपासतो.

तरी खरा प्रश्न पुराचाच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरच्या आणि तळघरातल्या गाड्या त्या दिवशी छतापर्यंत बुडाल्या. पुढे 2015 चं चेन्नई, 2019 चं कोल्हापूर-सांगली, 2021 चं चिपळूण-महाड. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. लिलावात घेणारा ती भंगारासाठीच घेतो असं नाही. धुऊनपुसून, वाळवून, शंभर-दोनशे किलोमीटर लांबच्या शहरात ती पुन्हा उभी राहते. जिथे पूर आला तिथे ती विकायला कोण ठेवेल?

अशा गाडीत मी पहिला हात घालतो तो सीटबेल्टला. पट्टा संपेपर्यंत, अगदी शेवटच्या वितीपर्यंत बाहेर ओढायचा. रोज वापरात येणारा भाग विक्रेता धुतो, गुंडाळीच्या आतला विसरतो. पुण्यात एका पांढऱ्या सेडानमध्ये असाच पट्टा ओढला, तर शेवटच्या हातभरावर मातकट रंगाची सरळ रेघ.

‘चहा सांडला असेल हो, डॉक्टरांची गाडी आहे,’ एजंट म्हणाला. (जुन्या बाजारातल्या निम्म्या गाड्या डॉक्टरांच्या असतात, उरलेल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या.)

मी पलीकडचा पट्टा ओढला. तिथेही रेघ, तेवढ्याच उंचीवर.

‘दोघंही एकदमच चहा प्यायचे का?’

त्यावर तो हसला आणि त्याने दुसरी गाडी दाखवायला काढली. माणूस म्हणून मला तो आवडला.

पट्ट्यानंतर गालिचा. आलिशान गाडीचा गालिचा जाड फोमवर चिकटवलेला असतो. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो आणि खालचा फोम महिनोन्महिने ओलसर राहतो. दाराच्या उंबरठ्यावरची पट्टी सैल करून बोटं खाली घालू द्यायला सांगा. ओल नसली तरी वाळलेला गाळ बोटांना लागतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून रुळांचे बोल्ट पाहा. तिथला गंज वाईटच, पण बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा त्याहून वाईट, कारण याचा अर्थ सीट कुणीतरी बाहेर काढली होती. डिकीतलं जादा चाक उचलून खालच्या खळग्यात टॉर्च मारा. हेडलाइटच्या आत बाष्प किंवा आडवी पुसट रेघ आहे का बघा. आणि वास घ्या! काचा बंद करून एसी बंद ठेवायचा, पाच मिनिटं आत बसायचं. मोगऱ्याचा किंवा लिंबाचा घमघमाट येत असेल तर तो कशावर मारलाय, याचा विचार करायचा.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आसपास जुन्या भागांची दुकानं आहेत, तिथे मी विनाकारणही जातो. भंगारातल्या गाड्यांची इंजिनं, गिअरबॉक्स, दिवे, दारं, सगळं मांडणीवर रचलेलं. तिथल्या एका कारागिराने मला पाण्यातून आलेल्या गाडीचा कनेक्टर उघडून दाखवला होता. बाहेरून प्लास्टिक कोरं करकरीत, आत तांब्याच्या पिनांवर हिरवी भुकटी. पाणी शिरल्यावर लगेच सगळं बंद पडत नाही, हेच यातलं फसवं. वायरीच्या आवरणातून ओल केशाकर्षणाने वर चढते, गंज हळूहळू वाढतो आणि काही महिन्यांनी एका सकाळी गाडीचं लॉकच उघडत नाही. मग खिडकी, मग गिअर. खाडीचं खारं पाणी मिसळलं असेल तर हे सगळं लवकर होतं. मेकॅनिक एकेक मोड्यूल बदलत जातो आणि दोष मात्र वायरीत असतो.

इथे माझ्या सगळ्यात आवडत्या नादाबद्दल बोलू द्या, कारण तो भिजलेल्या आणि ठोकलेल्या दोन्ही गाड्यांना लागू पडतो. गाडीवर जन्मतारखा जागोजागी छापलेल्या असतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे सगळ्यांना माहीत असतात, 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. पण काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याकडे कितीजण बघतात? तिथे कंपनीच्या चिन्हाखाली वर्षाचा शेवटचा आकडा आणि त्याच्या बाजूला टिंबं असतात. टिंबांवरून महिना निघतो, मोजायची रीत कंपनीगणिक थोडी बदलते. मोजता नाही आली तरी सगळ्या काचांची एकमेकींशी तुलना करता येतेच. पुढची काच वेगळ्या सालची असेल तर मी मनावर घेत नाही, द्रुतगती मार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा पुरतो. पण डाव्या मागच्या दाराची काच गाडीहून तीन वर्षांनी लहान असेल तर त्या दारात काय घडलं, हे विचारायलाच हवं. सीटबेल्टच्या बुडाशी तारखेचं लेबल असतं. आणि सगळ्यात लोभस म्हणजे प्लास्टिकच्या भागांच्या आतल्या बाजूची वर्तुळं: कडेने 1 ते 12, मधोमध वर्ष आणि महिना दाखवणारा बाण. भाग साच्यातून निघताना हा ठसा उमटतो. एअर फिल्टरचा डबा, डिकीतली आवरणं, बंपरची आतली बाजू, सगळीकडे तो शोधत मी वाकलेला असतो आणि विक्रेता मला खुळा समजत असतो. 2016 च्या गाडीत डिकीची सगळी आवरणं 2019 ची निघाली, तर वर्तुळातल्या त्या बाणाला खोटं बोलता येत नाही.

रंगाचं आटोपतो. कारखान्यातला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन जाड असतो. पुन्हा रंगवलेला भाग दोनशेच्या वर जातो आणि आत पुट्टी असली तर मापक पाचशे-हजारही दाखवतं. मात्र लोहचुंबक घेऊन जाऊ नका. सांगलीचे एक काका फ्रिजवरचा गणपती घेऊन बीएमडब्ल्यू पाहायला गेले होते. बोनेटला गणपती चिकटेना, तेव्हा त्यांनी ‘सगळी पुट्टी आहे’ असा निकाल दिला. ती ई60 पिढीची 5 सीरिज होती. तिचं बोनेट आणि पुढची मडगार्डं मुळात ॲल्युमिनियमचीच. जॅग्वार एक्सजेच्या आणि ऑडी ए8 च्या काही पिढ्यांची तर जवळपास अख्खी बॉडीच ॲल्युमिनियमची. पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं मापक मिळतं, ते घ्या.

स्कॅनर लावताना लोक एवढंच बघतात की फॉल्ट दिसतो का. विक्रेत्याने आदल्या रात्रीच सगळे फॉल्ट पुसलेले असतात. पण पुसल्याचीही नोंद राहते. फॉल्ट पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बहुतेक गाड्यांतून साध्या स्कॅनरवरही वाचता येतो. शिवाय पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवतात. आकडा नऊ किलोमीटर निघाला, की मी चहा मागवतो आणि गाडी तासभर फिरवून आणतो. स्वस्त स्कॅनर फक्त इंजिन वाचतो. एअरबॅग, दारं, सीट, सस्पेन्शन वाचणारा हवा, कारण पाणी तिथेच बोलतं. फिरवलेलं मीटरही असंच पकडता येतं. किलोमीटरचा आकडा एकाच जागी नसतो, बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही तो उतरलेला असतो. मीटरवर 48 हजार आणि किल्लीत 91 हजार, असं असेल तर बोलणंच खुंटतं.

इंजिन, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचंही थोडक्यात सांगतो. गाडी थंड असतानाच पाहायची, बोनेटला हात लावून खात्री करायची. गरम निघाली तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा. 2007 ते 2011 च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यू डिझेलमध्ये, म्हणजे एन47 इंजिनात, टायमिंग चेन मागच्या बाजूला आहे. ती झिजली की थंड इंजिनातून घासल्यासारखा आवाज येतो आणि बदलायची तर मोठी खोलाखोली करावी लागते. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभर पुरतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि खर्चात धरा. झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते.

कागदांत माझं लक्ष विम्याच्या पॉलिसीवर असतं. क्लेम न केल्याची सवलत 20 टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत 50 वर जाते. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीची सवलत 20 वर असेल, तर गेल्या दोनेक वर्षांत कधीतरी क्लेम झाला आहे. तो कशाचा आणि कोणत्या महिन्यातला, हे विचारा. उत्तर जुलै-ऑगस्ट आलं तर सीटबेल्ट पुन्हा ओढा. सवलत 50 असली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती टिकवणारं जादा कलम विकत मिळतं. बाकी आरसी, कर्ज फिटल्याचा फॉर्म 35, हस्तांतरणाचे 29 आणि 30 ही नेहमीची कामं. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये दिल्लीत बंदी आणली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दिसू लागल्या. पण त्यांना एनओसी, इथलं नवं पासिंग आणि महाराष्ट्राचा कर लागतो. तो हिशेब आधी करा, मग स्वस्त म्हणा.

दिवाळीच्या सुमारास बाजारात झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या उभ्या असतात. जुलैत भिजलेली गाडी क्लेम, लिलाव, धुणं आणि रंग हे सगळं उरकून साधारण याच सुमारास शोरूममध्ये येते. म्हणून माझं ऐकाल तर दिवाळीत बघा, पण घेऊ नका. जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते, विक्रेता मऊ पडतो आणि तोवर ओलीलाही वर यायला वेळ मिळालेला असतो. तेव्हा गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडे टोकन देऊ नका.