सुट्या भागांच्या गावात अख्खा रोबो

‘स्टार वॉर्स’मधला आर-टू डी-टू हा रोबो ज्याला स्वतः बनवायचा असेल, त्याला एक घुमट लागतो. साधारण दीड फूट व्यासाचा, अ‍ॅल्युमिनिअमचा, कुठेही जोड नसलेला. सपाट गोल पत्र्यापासून असा घुमट काढण्याच्या कामाला कारखान्यात स्पिनिंग म्हणतात. लेथवर घुमटाच्या आकाराचा फर्मा बसवायचा, त्यावर पत्र्याची चकती दाबून धरायची आणि यंत्र फिरत असताना लांब दांड्याच्या रोलरने पत्रा हळूहळू फर्म्यावर चढवत न्यायचा. कुंभाराच्या चाकावर माती वर येते तसा पत्रा हाताच्या दाबाने सरकत जातो. मात्र काम करता करता अ‍ॅल्युमिनिअम कडक होतं आणि मग चिरतं. म्हणून मधेच थांबून त्याला तापवून मऊ करावं लागतं. किती तापवायचं? जुने कारागीर पत्र्यावर साबणाची रेघ ओढतात. ती काळी पडली की ज्योत बाजूला. अ‍ॅल्युमिनिअम तापून लाल होत नाही, एकदम वितळतं, त्यामुळे ही साबणाची रेघ लाख मोलाची.

हे काम करू शकणारी माणसं नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहेत. लेसर कटिंग, बेंडिंग, टर्निंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग, कंट्रोल पॅनेलचं वायरिंग अशी या रोबोला लागणारी इतर कसबंही त्या वसाहतीत आणि शेजारच्या सातपुरात काही किलोमीटरच्या परिसरात आहेत. विजेच्या उपकरणांवर आणि वाहनांच्या सुट्या भागांवर उभा राहिलेला हा पट्टा. चित्रपटातल्या रोबोची प्रतिकृती हा पोरखेळ वाटू शकतो, पण ती नीट बांधायची तर एका लहान कारखान्याचं सगळं शहाणपण लागतं, आणि ते अंबडकडे आहे, असं मला मनापासून वाटतं.

जगभरात हा छंद बराच जुना आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला डॅलेक घरी कसा बांधायचा याचे आराखडे ‘रेडिओ टाइम्स’ने 1973 सालच्या खास अंकात छापले होते. आर-टू 1977 मध्ये पडद्यावर आला आणि 1999 साली ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह एव्हरेट यांनी आर-टू बांधणाऱ्यांचा एक क्लब सुरू केला. या मंडळींनी चित्रपटाच्या चौकटी थांबवून आणि प्रदर्शनात ठेवलेले मूळ नमुने न्याहाळून एकेका फटीचं माप काढलं. जर्मनीतल्या एसेन शहरात 2013 मध्ये चाहत्यांचं संमेलन भरलं. तिथे निर्मात्या कॅथलीन केनेडी या क्लबच्या दालनात आल्या आणि पुढे ली टॉवर्सी व ऑलिव्हर स्टीपल्स या दोघा छांदिष्टांनाच नव्या चित्रपटासाठी आर-टू बांधायचं काम मिळालं. 2015 च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये दिसतो तो आर-टू त्यांनी घडवलेला. चाहत्यांची मापं इतकी चोख होती की खुद्द स्टुडिओने त्यांच्यावर विश्वास टाकला.

मूळ चित्रपटातली यंत्रं मात्र चोख मापांतून आली नव्हती. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांचं भंगार विकत घेतलं, ते तोडलं आणि त्यातल्या तुकड्यांतून अवकाशयानांच्या भिंती उभ्या केल्या. आर-टूच्या डोक्यावरची ती फिरती डोळ्यांसारखी भोकं म्हणजे जुन्या प्रवासी विमानातल्या वाचनदिव्यांचे भाग. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं आणि ख्रिश्चन त्याच्या मानकऱ्यांपैकी एक होते. हे वाचताना मला अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार आठवतो. महापालिकेने 2017 च्या जानेवारीत तो मोठ्या बंदोबस्तात हटवला. रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग, अ‍ॅल्युमिनिअमची तुकडापट्टी एका ठिकाणी हाताळून पाहता येईल अशी जागा हौशी माणसासाठी शाळेसारखी असते, आणि शहरात तशी रीतसर जागा असायला हवी.

अंबडमध्ये अशा कामाची खरी अडचण वेगळीच आहे. एका नगाचं काम कुणी सहसा घेत नाही. मशिन लावायला जो वेळ जातो तो हजार नगांवर वाटला तर परवडतो, एका नगावर नाही. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. त्यावर तोडगा असा की आपलं ड्रॉइंग लेसर कटिंगला चालेल अशा फाइलमध्ये तयार न्यायचं, जाडी बाजारात नेहमी मिळते तीच ठेवायची आणि त्या जाडीचा पत्रा मशिनवर आधीच चढलेला असेल त्या दिवसाची वाट पाहायची. मोठ्या ऑर्डरनंतर पत्र्याच्या कडेला जी पट्टी उरते, तिच्यात आपले भाग बसवून घ्यायचे. आर-टूच्या अंगाला पत्र्याचे दोन थर असतात. आतल्या थराला खिडक्या आणि बाहेरच्यावर झाकणं. ही झाकणं आणि खिडक्या यांच्यातली फट सगळीकडे सारखी आली, तरच डोळा फसतो. लेसर ते काम बिनबोभाट करतो. पाय मात्र अ‍ॅल्युमिनिअमचे करायचा हट्ट धरू नये. चांगल्या प्लायवूडचे थर चिकटवून केलेला पाय वजन सहज पेलतो आणि रंगाखाली तो लाकडाचा आहे हे कुणाला कळत नाही. अलीकडे पुष्कळ जण अख्खा रोबो त्रिमितीय प्रिंटरवर छापतात. त्याने खर्च आणि वजन दोन्ही उतरतात. पण छापलेल्या थरांच्या रेघा पुटिंग लावून, घासून, पुन्हा घासून घालवाव्या लागतात. आळशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

रंगाबद्दल एकच गंमत. पहिल्या चित्रपटात अवकाशातल्या काही दृश्यांत आर-टूचे निळे भाग काळे दिसतात, कारण ती दृश्यं निळ्या पडद्यासमोर घेतली होती आणि पडद्याबरोबर रोबोचा निळाही गाळला गेला. तेव्हा ‘खरा’ रंग कोणता यावर तासन्‌तास भांडणाऱ्यांनी भांडावं.

आतलं यंत्र सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्याची कल्पना येत नाही. 1976 साली ट्युनिशियात चित्रीकरण झालं तेव्हा आर-टू एकच नव्हता. दोन पायांवर डुलत चालणाऱ्या कवचात तीन फूट आठ इंच उंचीचे केनी बेकर बसलेले असत. तीन पायांचा आर-टू रिमोटवर चालायचा आणि वाळवंटात तो वारंवार हुकूम मोडून भलतीकडे जायचा. हौशी लोक बांधतात तो बहुधा हा तीन पायांचा. बाहेरच्या दोन पावलांत एकेक मोटर, पुढच्या पावलात मोकळी फिरणारी चाकं. दोन्ही मोटर सारख्या वेगाने फिरल्या की सरळ, एक हळू केली की वळण. वळताना चाकं जमिनीवर घासतात, म्हणून मोटर वजनाच्या मानाने दणकट घ्यावी लागते. व्हीलचेअरच्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटर इथे उपयोगी पडतात. बॅटरी जितकी खाली ठेवाल तितका रोबो पडण्याचा धोका कमी. चित्रपटातल्या आर-टूच्या पावलांना बाजूला डबे आहेतच, पुष्कळ जण त्यांतच बॅटरी ठेवतात.

घुमट सतत एकाच दिशेने फिरू शकला पाहिजे आणि त्यातल्या दिव्यांना वीजही खालून मिळाली पाहिजे. साध्या वायरी दोन-तीन फेऱ्यांत पिळून तुटतील. त्यासाठी स्लिप रिंग लागते. तिच्यात फिरणाऱ्या कड्यांवर ब्रश टेकलेले असतात आणि वीज त्यांच्यामधून वर जाते. अंबडमध्ये क्रेन किंवा पॅकिंग मशिनची दुरुस्ती करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. दिव्यांची लुकलुक आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड सांभाळतो. आवाजाचं काम सर्वांत सोपं, कारण ते बेन बर्ट यांनी आधीच करून ठेवलंय. एआरपी 2600 हा सिंथेसायझर आणि स्वतःच्या तोंडाचे आवाज मिसळून त्यांनी या रोबोला बोलतं केलं. एकही शब्द नसताना तो रुसलाय की घाबरलाय हे लहान मुलालाही कळतं.

आपल्याकडे हे सगळं अगदी परकं नाही. गणेशोत्सवातले हलते देखावे पाहत वाढलेल्या पुण्या-नाशिकच्या माणसाला गाडीच्या वायपरची मोटर कृष्णाचा हात कसा हलवते हे ठाऊक असतं. तीच मोटर कुणाच्या रोबोचा हात हलवते. 2008 साली आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा तिचा विषय गोविंदा आणि दहीहंडी हा होता. देशोदेशींच्या रोबोंनी लोण्यासाठी धडपड केली. पवईच्या केंद्रीय विद्यालयातले शिक्षक दिनेश पटेल यांनी रजनीकांतच्या ‘रोबोट’वरून स्फूर्ती घेऊन ‘शालू’ नावाची बोलणारी यंत्रमानवी बांधली, तीही प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, अ‍ॅल्युमिनिअम अशा टाकाऊ वस्तूंतून. अंबडजवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याला, दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने पडद्यावरची करामत स्वतःच्या हातांनी घडवली. त्यांच्या नाशकात चित्रपटातलं यंत्र कुणी हातांनी बांधलं तर ते परंपरेला धरूनच होईल.

इथपर्यंत रोबो तयार होतो. संमेलनाला न्यायला तो तयार झाला असं मात्र नाही, आणि हौशी माणूस फसतो तो इथे.

2011 मध्ये दिल्लीत सुरू झालेलं कॉमिक कॉन हे चाहत्यांचं संमेलन आता मुंबईसह अनेक शहरांत भरतं. तिथे दिवसभर प्रचंड गर्दी असते. गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर छान चालणारा रोबो जाड गालिच्यावर गेला की मोटरवरचा भार वाढतो, मोटरचा वेग सांभाळणारा ड्रायव्हर बोर्ड तापतो आणि अर्ध्या तासात सगळं बंद. म्हणून आधी घरी गालिचा पसरून, पूर्ण वजनासह, बॅटरी संपेपर्यंत त्याला चालवावं आणि मोटर, ड्रायव्हर, वायरींचे जोड हात लावून पाहावेत. ज्या जोडाला हात ठेववत नाही तो जोड पुन्हा करावा. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. दरवाजाची रुंदी, लिफ्ट आणि उताराची फळी यांची चौकशी आयोजकांकडे आधी करावी. फिरत्या यंत्राची परवानगी लेखी घ्यावी.

गर्दीत शेकडो मोबाइल आणि वायफाय चालू असतात. रिमोटही बहुधा त्याच 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो. संदेश तुटला तर रोबोने काय करायचं हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर एकच: जागच्या जागी थांबायचं. रिमोट मुद्दाम बंद करून हे तपासून घ्यावं. त्याशिवाय मोटरची वीज थेट तोडणारं लाल बटण अंगावर असावं आणि सोबतच्या माणसाला ते डोळे मिटून सापडावं. सोबतचा माणूस लागतोच. चालवणाऱ्याचं लक्ष रोबोवर असतं, मुलांच्या बोटांवर कुणाचं तरी हवं. तीन वर्षांचं मूल थेट येऊन मिठी मारतं आणि त्याची बोटं पावलाच्या आणि चाकाच्या फटीत जातात. म्हणून ती फट बंद केल्याशिवाय रोबो घराबाहेर काढू नये. माझ्या मते अख्ख्या तयारीत याहून महत्त्वाचं काही नाही.

मग प्रवास. नाशिकहून मुंबईला टेम्पोने जायचं तर कसारा घाट आहे, आणि सतत थरथरणाऱ्या गाडीत साधे नट सुटतात. हलत्या भागांवर नायलॉक नट, जिथे ते बसत नाहीत तिथे लॉकटाइटचा थेंब. घुमट काढून वेगळ्या खोक्यात, अंगाखाली फोम, बॅटरीच्या तारा सोडलेल्या. पोचल्यावर प्रत्येक बोल्ट पाना लावून तपासायचा. सोबतच्या पेटीत फ्यूज, झिप टाय, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, एक जादा रिमोट आणि मोटरचा जादा ड्रायव्हर.

विक्रीच्या भानगडीत मात्र पडू नये. हौस म्हणून एक बांधणं आणि दुसऱ्याच्या पात्राचा धंदा करणं यांत कायद्याने फरक आहे, आणि परदेशातले क्लबही तो फरक पाळतात.

सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर, शीट मेटल, इलेक्ट्रॉनिक्स असे वेगवेगळे ट्रेड शिकवले जातात आणि प्रत्येक ट्रेडचा मुलगा आपापल्या सरावाचा तुकडा बनवून पुढे जातो. पुढे नोकरी लागली तरी तेच, तो बनवतो ते ब्रॅकेट कुठे जाऊन बसतं हे त्याला क्वचित पाहायला मिळतं. या सगळ्या ट्रेडच्या मुलांनी मिळून वर्षभरात एक रोबो बांधावा आणि मुंबईला घेऊन जावा, अशी माझी फार इच्छा आहे. टर्नरने अ‍ॅक्सल काढावेत, शीट मेटलवाल्याने अंग गुंडाळावं, वायरिंग इलेक्ट्रॉनिक्सने. नाशिकच्या उद्योजक संघटनांनी, आयमा आणि निमाने, उरलेला पत्रा आणि शनिवारी दुपारची रिकामी मशिनं द्यावीत. सुरुवात पावलांपासून करावी. दोन मोटर, चार चाकं, एक बॅटरी आणि वर सिमेंटची पन्नास किलोची गोणी ठेवून ते कंपनीच्या आवारात तासभर चालवावं. तेवढं जमलं की पुढचं काम कोणत्या शेडमध्ये न्यायचं हे मुलांना आपोआप कळेल.